कॅरव्हॅनच्या छताची गळती: सिलिकॉन काढलं, ब्यूटिल लावलं

आमची जुनी कॅरव्हॅन (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) इथे इंग्लंडात घराशेजारी उघड्यावरच उभी असते. कोपऱ्यातल्या कपाटात ओल दिसली, तेव्हा पहिला संशय खिडकीवर आला. पण पाणी शिरतं एकीकडे आणि आतल्या लाकडी चौकटीवरून ओघळत उतरतं भलतीकडेच. ओलावा मोजायचं मीटर फिरवत वर गेलो, तर आकडा चढत चढत छत आणि भिंतीच्या सांध्यापाशी पोचला.

त्या सांध्यावर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असते. आधीच्या मालकाने तिच्या कडेने सिलिकॉन फासलं होतं. हा उपाय बरेच जण करतात आणि तोच नडतो. भेग वरवर बुजते, आत गेलेलं पाणी अडकून लाकूड कुजवतं, शिवाय त्या सिलिकॉनवर पुढे काही धड चिकटतच नाही. म्हणून पट्टीच उतरवली. स्क्रू इतके गंजले होते की काहींची डोकी हातात आली. सिलिकॉन आणि पट्टीमागचं जुनं मॅस्टिक, म्हणजे सांधा बुजवायचा चिकट लगदा, प्लास्टिकच्या पात्याने खरवडलं (लोखंडी पात्याने पत्र्यावर ओरखडे पडतात), जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि लाकूड खडखडीत वाळू दिलं. इथे घाई अजिबात नको.

मग पट्टीच्या मागे ब्यूटिल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी. ती कडक होत नाही, त्यामुळे ऊन-थंडीने पत्रा फुगला-आकसला तरी सांधा सुटत नाही. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू थोडे थोडे आवळले, टेप दबल्यावर पुन्हा एकदा, आणि बाहेर आलेली टेप छाटली.

पाइपने पाणी मारून तपासताना खालून वर जायचं, म्हणजे नेमकं कुठून गळतंय ते कळतं. आमचा सांधा कोरडा निघाला. खिडकीचं रबर मात्र आता बदलावं लागणार.