नागपूरचा मॉडेल रेल्वे लेआउट (छोट्या गाड्या-रुळांचा देखावा) करताय? आधी साल ठरवा, या चुका टाळा

‘जुनं नागपूर’ हा काही काळ नव्हे. तेवढ्यावर खरेदीला निघालं की एकाच फलाटावर वाफेचं इंजिन, निळे डबे आणि विजेच्या तारा गोळा होतात. दशकही पुरत नाही. साल ठरवा आणि ते लेआउटच्या फळीच्या मागे खडूनं लिहून ठेवा.

आपल्याकडे फसवते ती स्टेशनची इमारत. ती इतकी जुनी वाटते की पुढे कुठलीही गाडी शोभेल असं वाटतं. पण रेल्वे नागपुरात पोचली १८६७मध्ये आणि या इमारतीचं उद्घाटन झालं १५ जानेवारी १९२५ला. १८८०च्या दशकातली छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज गाडी तिच्यापुढे उभी केलीत, तर चाळीस वर्षांचा घोळ होतो.

सगळ्यात महागात पडते ती तारांची चूक. मी साल धरलं होतं १९७५ आणि हौसेनं विजेचे खांब पक्के चिकटवले. आपल्याकडे तारा आल्या १९९०च्या आसपास! खांब उपटताना खडी निघाली, रूळ हलले, सगळं पुन्हा बसवावं लागलं. आता मी प्रत्येक खांबासाठी फळीत बारीक पितळी नळी बसवतो. खांब नळीत घट्ट उभा राहतो आणि हवा तेव्हा उचलता येतो.

काळाबरोबर वळणंही ठरतात, हे फार जण विसरतात. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात आयसीएफचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा डबा साधारण २४५ मिलिमीटर भरतो, तर एलएचबीचा, म्हणजे नव्या पद्धतीचा २७०. जुन्या डब्यांसाठी आखलेल्या आवळ वळणावर नवा डबा लावला की शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतो. एलएचबी आपल्या देशात आले २००० सालापासून. त्याआधीचं साल धरलं असेल तर हा प्रश्नच येत नाही.

रस्त्याकडेही बघा. मारुती ८०० डिसेंबर १९८३पूर्वी दिसताच कामा नये. खेळण्यांच्या दुकानातल्या १:६४च्या मोटारी तर घेऊच नका, फलाटावरची माणसं त्यांच्यापुढे पोरं वाटतात.

डबे आधीच मिसळले असतील तर विकू नका. दोन खोकी करा, एका सालाचं सामान एका खोक्यात. रूळ आणि इमारत तीच ठेवून गाड्या, मोटारी, पाट्या बदलता येतात.

मला विचाराल तर १९८५ धरा आणि नागपूरचंच इतवारी स्टेशन करा. मोठ्या लाईनवर डिझेल आणि लाल डबे, शेजारी छोटी लाईन (नॅरोगेज), डोक्यावर तारा नाहीत. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ आपल्या ब्रॉडगेजला अरुंदच पडतो, हिशेबानं तो १९.३ हवा, तेवढी तडजोड बहुतेक सगळेच करतात. पण ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजचे होतात ८.८, म्हणजे बाजारातला ९ मिलिमीटरचा रूळ जवळपास तंतोतंत बसतो. इतवारी-नागभीड छोटी गाडी नोव्हेंबर २०१९मध्ये बंद झाली, त्यामुळे ती पाहिलेली, तिच्यातून गेलेली माणसं अजून घरोघरी आहेत. घरातल्या आजोबांना विचारा, जुने अल्बम उघडायला लावा. मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयात वही आणि टेप घेऊन जा, परवानगी घेऊन डब्याच्या खिडक्या आणि पायऱ्या मोजा. रंगाचा डबा त्यानंतर उघडा.