पोहण्याच्या स्पर्धेला जाताना पालकांनी काय घालावं?

आधी पायांचा विचार करा. गुळगुळीत तळाची चप्पल ओल्या फरशीवर हमखास सटकते. मागे पट्टा असलेली, खाचदार रबरी तळाची सँडल घाला. कपडे सैल, फिकट, लांब बाह्यांचे. जीन्स नकोच, भिजली की जड होते आणि तासन्‌तास वाळत नाही.

पाण्यावरून उसळलेलं ऊन खालून येतं, टोपीची कड ते अडवत नाही. म्हणून हनुवटीखाली आणि कानांमागेही एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा: उन्हात जाण्याआधी १५ मिनिटं, मग दर २ तासांनी.

पोलराइज्ड गॉगलने चकाकी कमी होऊन लेनमधलं मूल नीट दिसतं. वेळ नोंदवायला उभे राहणार असाल तर मात्र तपासून घ्या, त्यातून स्टॉपवॉचचा पडदा काळा दिसू शकतो. तिथे अंगावर पाणी उडणारच, कोरडा टी-शर्ट सोबत ठेवा.