एसएलआरचा गॅस: नव्या आर्मोररसाठी

आर्मोररचा (शस्त्रं तपासून दुरुस्त करणाऱ्याचा) कोर्स संपवून कोतमध्ये (शस्त्रागारात) रुजू झालात की फायरिंग बटवरून (गोळीबाराच्या मैदानावरून) एसएलआरबद्दल एक तक्रार हमखास येणार: "रायफल सिंगल मारतेय." म्हणजे गोळी सुटते, पण पुढची आपोआप चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला, गोळी बसते त्या जागेत) जात नाही, दरवेळी कॉकिंग हँडल ओढावं लागतं. जवान लगेच म्हणतो, गॅस वाढवून द्या. माझं स्पष्ट मत आहे, गॅसला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल) ही मूळची बेल्जियमची एफएन एफएएल. आपल्याकडे ती ईशापूरच्या कारखान्यात बनली. लष्करात इन्सास ही नवी रायफल आल्यावरही राज्यांच्या पोलीस दलांत ती टिकून राहिली. गोळी बॅरलमधून पुढे जाताना मागचा थोडा गॅस वरच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये शिरतो, पिस्टनला धक्का देतो आणि पिस्टन ब्रीच ब्लॉकच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या ठोकळ्याच्या) कॅरिअरला मागे ढकलतो. रेग्युलेटरची रिंग ठरवते ती एकच गोष्ट: यातला किती गॅस बाहेर सोडून द्यायचा. रिंग उघडली की जास्त गॅस वाया जातो आणि धक्का कमी होतो. बंद करत नेली की धक्का वाढतो. नवीन पोरांचा गोंधळ इथेच होतो, कारण 'उघडणं' म्हणजे गॅस वाढवणं असं त्यांना वाटतं. एके-४७ला अशी रिंगच नसते, म्हणून त्यावर शिकलेल्याला हे आणखी नवं वाटतं.

तक्रार आली की आधी रायफल रिकामी करा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोट घालून खात्री करा. मग मॅगझीन बदलून पाहा. ओठ वाकलेलं मॅगझीन गॅसच्या दोषासारखंच फसवतं. त्यानंतर गॅस प्लग (सिलिंडरच्या पुढच्या टोकाचं बूच) काढा. तो ग्रेनेड सोडण्याच्या स्थितीत बसवला असेल, तर पिस्टनकडे गॅस जातच नाही आणि रायफल सिंगलच मारणार. प्लग बरोबर असेल, तर पिस्टन बाहेर काढून स्प्रिंग वेगळी करा आणि नुसता पिस्टन सिलिंडरमध्ये सोडा. नळी वरखाली कलवली की तो स्वतःच्या वजनाने सरकायला हवा. अडकला तर कार्बन साचलाय किंवा सिलिंडर वाकलाय. पिस्टनला तेल लावू नका. जवान प्रेमाने लावतात, पण ते जळून त्याचाच कार्बन होतो. चिंदीने कोरडा पुसून ठेवा.

एवढं करूनही रायफल अडली, तरच रिंग. ती पूर्ण उघडी ठेवून सुरुवात करा. मॅगझीनमध्ये दोनच गोळ्या भरा, एक झाडा आणि दुसरी आपोआप चेंबरमध्ये गेली का बघा. नसेल गेली, तर रायफल रिकामी करून रिंग एक क्लिक बंद करा आणि पुन्हा तेच. रायफल दरवेळी बिनचूक चालू लागली की त्यापुढे एक-दोन क्लिक राखीव द्या, कारण धूळ आणि काजळी वाढली की धक्का कमी पडतो. त्याहून जास्त देऊ नका.

पुंगळ्या (झाडलेल्या गोळ्यांची रिकामी कवचं) कुठे पडतात ते बघत राहा. गॅस कमी असेल तर पुंगळी जेमतेम बाहेर येते किंवा ती बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. जास्त असेल तर ती लांब फेकली जाते, तिची कड खरवडलेली दिसते आणि खांद्याला धक्का जोरात बसतो. अशी रायफल त्या दिवशी छान चालते, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) आणि बॉडी दर फैरीला जादा मार खात असतात. मला कमी गॅसच्या रायफलीपेक्षा हीच जास्त खटकते.

रिंग हाताने फिरत नसेल तर पक्कड लावू नका, खाचा झिजतात. गोळीबारानंतर तो भाग चांगलाच तापलेला असतो, निवू द्या. आणि एका रायफलीचं सेटिंग दुसरीला चालेल असं धरू नका. बट नंबरसमोर (रायफलीच्या दस्त्यावरच्या क्रमांकासमोर) रजिस्टरमध्ये सेटिंगचा आकडा लिहा. दारूगोळ्याचा लॉट बदलला किंवा नवा पिस्टन बसवला की तो पुन्हा तपासा आणि तारीख घालून खाली नवा लिहा.