डंपिंग ग्राउंडशेजारी राहताना: वासाची वही, घरातली काळजी आणि तक्रारीचा मार्ग

मुंबईतील देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथील विहिरी कचरा डेपोमुळे नासल्या आणि ग्रामस्थांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. कांजूरमार्गच्या कचऱ्याचा वास विक्रोळी आणि भांडुपमधील घरांत रात्री शिरतो, ही तक्रार न्यायालयापर्यंत गेलेली आहे. अशा वस्तीतल्या माणसाला बहुधा दोनच सल्ले मिळतात, सवय करून घ्या किंवा घर बदला. ज्यांना घर बदलणे परवडत नाही आणि ज्यांनी सवय करून का घ्यावी याला काही उत्तर नाही, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

पहिली अडचण अशी की वास मागे काही ठेवून जात नाही. रात्री दोन वाजता मुले उलट्या करत उठतात, सकाळी तक्रार होते आणि अधिकारी दुपारी बारा वाजता येतात तेव्हा हवा स्वच्छ असते. यात कोणी खोटे बोलत नसते. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच साचते, तिच्यातले वायू वर जात नाहीत, आणि हिवाळ्यात हे अधिक घडते. मुंबईत दिवसा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून वारा वाहतो आणि रात्री तो मंदावतो किंवा पूर्वेकडून येऊ लागतो. कांजूरमार्गचे डंपिंग ग्राउंड खाडीकाठी, वस्त्यांच्या पूर्वेला असल्यामुळे दुपारी वास खाडीकडे जातो आणि रात्री घरांकडे वळतो. म्हणून तक्रारीत ‘पाहणी रात्री दहा ते पहाटे सहा या वेळेत करावी’ अशी स्पष्ट मागणी लिहावी.

त्याआधी आपल्या घराची तपासणी करावी. न्हाणीघरातील न वापरलेल्या जाळीखालच्या ट्रॅपमधले, म्हणजे वायू अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या भागातले पाणी आटले की गटाराचा वायू थेट घरात येतो आणि त्याचाही वास सडक्या अंड्यासारखाच असतो. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावे, सोसायटीच्या गटाराची झाकणे पाहावीत. हे केले असल्याची नोंद असली की ‘वास तुमच्याच ड्रेनेजचा आहे’ हे उत्तर पुढे टिकत नाही.

मग एक साधी दोनशेपानी वही घ्यावी. प्रत्येक नोंदीत तारीख, वास सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, ० ते ५ या मापात तीव्रता, वाऱ्याची दिशा, पाऊस होता की नाही आणि घरात कोणाला काय त्रास झाला, एवढे लिहावे. वाऱ्याची दिशा गच्चीवर बांधलेल्या कापडाच्या पट्टीवरून कळते. वास कसला आहे हेही लिहावे, कारण त्यावरून उगमाचा अंदाज बांधता येतो: आंबूस वास बहुधा ताज्या ओल्या कचऱ्याचा असतो, सडक्या अंड्यासारखा वास जुन्या थरांतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा, नाकाला झोंबणारा उग्र वास पुष्कळदा लिचेटच्या, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याच्या तळ्याकडून येतो, आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला तर कुठेतरी आग धुमसत आहे असे समजावे. नाक काही मिनिटांत वासाला सरावते, त्यामुळे तीव्रतेचा आकडा शक्यतो नुकत्याच बाहेरून आलेल्या व्यक्तीने द्यावा. ज्या दिवशी वास आला नाही तो दिवसही लिहावा. रोज ‘५’ लिहिलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. वेगवेगळ्या इमारतींतील पाच-सहा कुटुंबांनी एकमेकांच्या नोंदी न पाहता महिनाभर वही ठेवली आणि वेळा जुळल्या, तर तो पुरावा नाकारणे कठीण जाते.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वायुमापकावर या कामासाठी पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती यंत्रे कारखान्यातील कामगारांच्या सुरक्षिततेसाठी असतात आणि दहा लाखांत एक भाग या पातळीवर मोजतात, तर हायड्रोजन सल्फाइडचा वास माणसाच्या नाकाला अब्जात काही भाग इतक्या अल्प प्रमाणातही येतो. यंत्र शून्य दाखवील आणि तोच शून्य तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. भारताच्या २००९ च्या हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषके आहेत, त्यांत अमोनिया आहे पण हायड्रोजन सल्फाइड नाही. म्हणून ‘हवा मानकांत बसते’ असे उत्तर आले तर नेमके कोणते घटक मोजले, हे लेखी विचारावे.

घरात काय करावे, तर वहीवरून वासाच्या वेळा कळल्या की त्या वेळेआधी खिडक्या लावाव्यात आणि वारा फिरल्यावर सगळ्या उघडून घर मोकळे करावे. दिवसभर बंद ठेवलेल्या घरात चुलीचा धूर आणि दमटपणा साचतो. धूप, अगरबत्ती आणि फवारे वास झाकतात, पण हवेत धुराची भर घालतात, आणि दम्याच्या रुग्णाला ते बाधतात. हवा शुद्ध करणारे यंत्र घेणारच असाल तर त्यात सक्रिय कोळशाचा जाड थर आहे का ते पाहावे, कारण नुसता हेपा फिल्टर धूळ अडवतो, वायू अडवत नाही. एन-९५ मास्कचेही तसेच आहे.

डोकेदुखी, मळमळ, घशाची जळजळ आणि मोडलेली झोप या तक्रारी वासामुळे होतात आणि त्या खऱ्या आहेत, मग वायूचे प्रमाण विषारी पातळीच्या कितीही खाली असो. जागतिक आरोग्य संघटनेने हायड्रोजन सल्फाइडच्या वासाचा उपद्रव होऊ नये म्हणून अर्ध्या तासाच्या सरासरीसाठी घनमीटरला ७ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली होती, ती याच कारणाने. डॉक्टरांकडे गेल्यावर घर डंपिंग ग्राउंडजवळ असल्याचे सांगून ते केस पेपरवर लिहून घ्यावे.

आग लागली तर मात्र प्रश्न वासाचा राहत नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा वेळी १०१ वर कळवावे, लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि दमेकरी यांना शक्य तर दूरच्या नातेवाइकांकडे पाठवावे, आणि बाहेर पडताना एन-९५ वापरावा, कारण धुराच्या कणांवर तो उपयोगी आहे.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरत असाल तर ते उकळून निर्धास्त होऊ नये. उकळल्याने जंतू मरतात, पण लिचेटमधले क्षार आणि जड धातू तसेच राहतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा नमुना द्यावा. क्लोराइड आणि अमोनिया वाढत चालले असतील तर लिचेट झिरपत असल्याचा संशय घ्यावा. पहिला अहवाल येईपर्यंत आणि असा संशय असेपर्यंत ते पाणी पिऊ नये.

तक्रार महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात, दोन्हीकडे द्यावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ‘वास बंद करा’ एवढेच लिहिल्यास उत्तरही तितकेच मोघम येते. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा दिवसअखेर किमान १० सेंटिमीटर मातीने वा राडारोड्याने झाकणे, पावसाळ्यापूर्वी ४० ते ६५ सेंटिमीटरचा थर देणे, वायू गोळा करण्याची व्यवस्था बसवणे आणि लिचेटवर प्रक्रिया करणे या गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. अर्जाच्या दिवशी लागू असलेली नियमावली पाहून त्यातील कलमाचा उल्लेख करावा आणि माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तीन गोष्टी मागाव्यात: डंपिंग ग्राउंड चालवण्यासाठी मंडळाने दिलेल्या संमतीपत्राची अटींसह प्रत, मागील वर्षभरातील पाहणी अहवाल आणि कचरा मातीने झाकल्याच्या दैनंदिन नोंदी. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

एवढ्यानेही हालचाल झाली नाही तर पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जाता येते; त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळतात, आणि नुकसानभरपाईसाठी मुदत पाच वर्षांची आहे. वहीतली पहिली तारीख इथे वकिलाला उपयोगी पडते. याहून कमी खर्चाचा मार्ग म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करणे. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते. त्याच कलमाखाली मध्य प्रदेशातील रतलामचे रहिवासी उघड्या गटारांच्या दुर्गंधीविरुद्ध उभे राहिले आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेची ‘पैसे नाहीत’ ही सबब मान्य केली नाही. अर्जाला वहीच्या झेरॉक्स प्रती, केस पेपर आणि सर्व पोचपावत्या जोडाव्यात. मूळ वही कोणत्याही कार्यालयात ठेवून येऊ नये.