वाचन-लेखन अध्यापनात पदव्युत्तर शिक्षण : शिक्षकाने तयारी कशी करावी

मुलांना लिहा-वाचायला कसे शिकवावे, या विषयात पुढचे शिक्षण घ्यायचे ठरवलेल्या शिक्षकाने विद्यापीठांची माहितीपत्रके चाळण्याआधी आपल्याच वर्गातल्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढावा. दुसरीतल्या एखाद्या मुलीने ‘मि नदि पाहिलि’ असे लिहिलेले असते आणि आपण लाल शाईने तिन्ही वेलांट्या बदलून पुढच्या वहीकडे वळतो. मात्र शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहावा, हा मराठीच्या लेखनाचा नियम आहे. बोलताना तिथे ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत नाही. म्हणजे त्या मुलीने आवाज अचूक टिपला आहे, तिला फक्त नियम ठाऊक नाही. अशा नोंदी महिनाभर ठेवल्या, की त्यांतून एक तरी प्रश्न आपली पाठ सोडत नाही. तोच प्रश्न हाताशी धरून अभ्यासक्रम निवडावा, कारण पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत आणि लघुप्रबंधातही तोच कामी येतो.

मार्ग मुख्यतः दोन आहेत. एमएड हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीपासून दोन वर्षांचा झाला असून त्यात लघुप्रबंध लिहावा लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते. बीएड नसले तरी डीएलएड (प्राथमिक शिक्षकांची पदविका) आणि पदवी या दोन्हींत किमान ५० टक्के गुण असणाऱ्यांना त्या नियमावलीने एमएडचे दार उघडे ठेवले आहे. प्राथमिक शिक्षकांनी त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत ही अट अवश्य पाहावी. दुसरा मार्ग एमए शिक्षणशास्त्राचा. अझीम प्रेमजी विद्यापीठात तो पूर्णवेळ करता येतो, तर इग्नूमधून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने शुल्क भरण्यापूर्वीच वरिष्ठांची लेखी परवानगी आणि रजेचा निर्णय हातात घ्यावा. तोंडी होकारावर विसंबून राहू नये.

निवडीत खरा वेळ द्यायचा तो अभ्यासक्रमाच्या तपशिलाला. ‘भाषा अध्यापन’ असे शीर्षक पाहून समाधान मानू नये. ध्वनींची जाण, लिपीचे आकलन, शब्दसंपत्ती, वाचनाकलन, मुलांच्या लेखनाचा विकास आणि घरची भाषा वेगळी असणारी मुले यांवर स्वतंत्र घटक आहेत का, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारतीय लिप्यांचा विचार आहे का, हे विचारावे. वाचनावरचे बरेचसे संशोधन इंग्रजीच्या २६ अक्षरांभोवती उभे आहे आणि ते जसेच्या तसे आपल्या वर्गात चालत नाही. ‘घर’, ‘सूर्य’, ‘ग्रह’, ‘ट्रक’ आणि ‘दऱ्या’ या पाच शब्दांत एकच र पाच रूपे घेतो. मूळाक्षरे आणि बाराखडी पाठ असलेले मूलही तिथे अडखळते, आणि आपण त्याला ‘कच्चे’ म्हणून मोकळे होतो. वाचनाच्या अभ्यासक सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नडच्या संदर्भात दाखवून दिले, की अशा विस्तृत अक्षरसंचावर पकड यायला मुलांना पहिलीनंतरही काही वर्षे लागतात. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथील मुलांचा तीन वर्षे मागोवा घेणाऱ्या मराठी-कन्नड अभ्यासाचा अहवाल २०१७ मध्ये आला. ज्या अभ्यासक्रमात असे काम वाचायला लावतात, तिथे थोडे लांब जावे लागले तरी जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अभ्यास सुरू झाल्यावर वाचलेली प्रत्येक गोष्ट वर्गात लावून पाहावी. गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ मध्ये मांडले, की वाचनाकलन हे लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता या दोहोंचा गुणाकार असते. एक शून्य असेल तर उत्तरही शून्य. हे परीक्षेत लिहून थांबू नये. एका मुलाला उतारा स्वतः वाचायला द्यावा आणि तितकाच अवघड दुसरा उतारा आपण वाचून दाखवावा. दोन्हींवर त्याला प्रश्न विचारावेत. ऐकलेले कळते पण वाचलेले कळत नाही, अशा मुलाला मदत लिपीची हवी. उच्चार खणखणीत पण अर्थ हाती लागत नाही, असे वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातले मूल असेल, तर आधी त्याच्या भाषेत गप्पा आणि गोष्टी हव्यात. इंग्रजी लेख जड जातात, हे खरे आहे. दोघा-तिघांनी मिळून आठवड्याला एकच लेख मराठीत समजावून घेतला, तर वर्षभरात भीती पुष्कळ ओसरते.

लघुप्रबंधासाठी विषय लहान घ्यावा. ‘ग्रामीण विद्यार्थ्यांच्या वाचन समस्या’ यापेक्षा ‘तिसरीतील सहा मुलांचे जोडाक्षर वाचन’ हा विषय कितीतरी सकस आहे. मुलांचे वाचन ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी पालकांना त्यांच्या बोलीत हेतू सांगून संमती घ्यावी, मुलांची नावे बदलावीत आणि वह्यांच्या पानांवर तारखा घालाव्यात. प्रबंध सादर झाला, की त्यातली चार-पाच पाने घेऊन आपल्या केंद्राच्या, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत अर्धा तास मागावा आणि ‘मि नदि पाहिलि’ हे वाक्य फळ्यावर लिहून सहकाऱ्यांना विचारावे, की यात मुलीला काय काय येते.