कार अ‍ॅम्प घेताना डब्यावरचे वॅट सोडा, आत काय बसवलंय ते बघा

अ‍ॅम्पच्या, म्हणजे स्पीकरला पॉवर देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या, डब्यावर २००० वॅट छापायला काहीच लागत नाही, पण अ‍ॅम्प बॅटरीकडून जेवढं घेतो त्यापेक्षा जास्त स्पीकरला देऊच शकत नाही, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी फ्यूज बघा. ३० अँपिअरचा एकच फ्यूज असेल तर ३० गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे ४३२ वॅट आत जाणार, क्लास एबी (नेहमीच्या पद्धतीचं, जास्त तापणारं सर्किट) असेल तर त्यातले निम्मे किंवा जरा जास्त बाहेर येणार आणि बाकीची नुसती उष्णता. म्हणजे खरे सव्वादोनशे-अडीचशे वॅट. क्लास डी (वेगाने चालू-बंद होणारं, कमी तापणारं सर्किट) असेल तर ८० टक्के धरा, साडेतीनशेच्या आसपास.

आता खालची प्लेट काढायची. नवीन पीसवर वॉरंटीचं सील असेल तर ते फोडू नका, त्याच मॉडेलचे आतले फोटो नेटवर शोधा किंवा दुकानदाराकडे रिपेअरला उघडलेला पीस आहे का विचारा. सेकंड हँड घेताय तर विकणाऱ्यासमोरच उघडायला लावा, सगळ्या वायरी काढून थोडा वेळ थांबून, कारण मोठे कॅपॅसिटर चार्ज धरून ठेवतात.

सगळ्यात आधी पॉवर सप्लाय बघा, माझ्या मते निम्मा निकाल इथेच लागतो. गाडीच्या १४.४ व्होल्टवर थेट चालणारं सर्किट ब्रिज करून, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं चालवूनसुद्धा, ४ ओहमला चॅनेलमागे जेमतेम २६ वॅट स्वच्छ देऊ शकतं, हे साधं गणित आहे, कुठल्याही कंपनीला ते चुकत नाही. म्हणून खऱ्या अ‍ॅम्पमध्ये मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारे ट्रान्झिस्टर) आणि तांब्याची तार गुंडाळलेली गोल रिंग म्हणजे टोरॉइड असतो, तो व्होल्टेज वाढवून प्लस-मायनस दोन्ही रेल (आतल्या सप्लाय लाइन) बनवतो. प्लेट काढल्यावर टोरॉइडच दिसला नाही आणि हीटसिंकला एकच आयसी चिकटवलेला असेल तर तुमच्या स्टिरिओच्या आत जे आहे तेच परत विकत घेताय, सरळ ठेवून द्या. टोरॉइड असेल तर तो किती मोठा आहे, तार जाड आहे का किंवा बऱ्याच तारा एकत्र गुंडाळल्यात का, आणि तो सिलिकॉनने बोर्डला नीट पकडून ठेवलाय का हे बघा, खड्ड्यांतल्या हादऱ्यांनी नुसते सोल्डरवर उभे असलेले जड पार्ट सुटतात. त्याच्या शेजारी आयआरएफझेड४४ किंवा आयआरएफ३२०५ असे मॉसफेट दिसतील, जास्त पॉवर म्हटली की ते एक-दोन नाही तर रांगेत लागतात. टीएल४९४ हा पॉवर सप्लाय चालवणारा आयसी दिसला म्हणून खूश किंवा नाराज होऊ नका, तो स्वस्तात आणि महागातही असतो.

कॅपॅसिटरवरचं लिखाण वाचा. बॅटरीच्या बाजूला १६ व्होल्टचे म्हणजे अगदीच काठावर, २५ चे असले तर बरं. टेम्परेचर १०५ डिग्री लिहिलेलं हवं, ८५ नको, मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बंद डिकीत काय होतं ते सांगायला नको, आणि तापमान १० डिग्रीने कमी ठेवलं तर कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट होतं असा ठोकताळा आहे. डोकं फुगलेलं असेल तर बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

मग आउटपुट ट्रान्झिस्टर. क्लास एबीमध्ये प्रत्येक चॅनेलला निदान एक जोडी लागते, म्हणजे ४ चॅनेलला कमीत कमी ८. पण नुसते मोजून उपयोग नाही, काही स्वस्त अ‍ॅम्पमध्ये दाखवायला नुसते बसवलेले असतात, त्यांच्या पायांना खरंच ट्रॅक जोडलाय का बघा. ५२००-१९४३ या नेहमी वापरल्या जाणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या जोडीत डुप्लिकेट माल खूप फिरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते बॉडीला कसे दाबलेत. लोखंडी पट्टी किंवा मजबूत क्लिप आणि मागे अभ्रक किंवा सिलिकॉनचा पॅड असेल तर उत्तम, एखादा जरी ढिला राहिला तरी तोच आधी जळणार. क्लास डीमध्ये आउटपुटचे मॉसफेट कमी दिसतील, तिथे घाबरू नका, फिल्टरचे कॉइल भरीव आहेत का ते बघा.

बोर्ड हिरवट काचेच्या फायबरचा, दोन्ही बाजूंना ट्रॅक असलेला चांगला, तपकिरी कागदी बोर्ड गरम होऊन काळा पडतो आणि ट्रॅक उचलतात. सेकंड हँडमध्ये असे काळे डाग आणि चिकट फ्लक्स (सोल्डर करताना लावतात तो राळेसारखा पदार्थ) नक्की शोधा, काळे डाग म्हणजे बोर्ड खूप तापलाय, आणि चिकट फ्लक्स दिसला तर आधी एकदा रिपेअर झालेला असू शकतो.

कंपनी सीईए-२००६ (कार अ‍ॅम्पची पॉवर मोजायचं स्टँडर्ड, आता सीटीए-२००६) प्रमाणे पॉवर देत असेल, म्हणजे १४.४ व्होल्ट, ४ ओहम, १ टक्का डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती), तर तो आकडा फ्यूजच्या हिशोबाशी ताडून बघा. जुळला की पैसे द्यायला हरकत नाही.