ड्रॅग आवळूनही दोरा सुटतोय? आधी स्पूल तपासा

मासेमारीच्या स्पिनिंग रीळवर ब्रेड दोरा (बारीक धागे विणून केलेला) असेल आणि ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा किती ताणावर सुटावा हे ठरवणारा ब्रेक) पूर्ण आवळूनही तो सुटत राहिला, तर लगेच ड्रॅगचे वॉशर बदलायला जाऊ नका. स्पूलच्या (दोरा गुंडाळलेल्या चकरीच्या) कडेला मार्करने एक ठिपका द्या, ड्रॅग घट्ट करा आणि दोरा ओढा. ठिपका फिरला तर दोष ड्रॅगमध्येच आहे. ठिपका जागच्या जागी राहून दोरा मात्र येत असेल, तर दोऱ्याचा अख्खा गुंडाळा स्पूलवर घसरतोय. ब्रेड गुळगुळीत असतो, धातूवर त्याची पकड बसत नाही.

१. सगळा ब्रेड काढून घ्या.
२. स्पूलला आधी साधा नायलॉनचा (मोनो) दोरा बांधून बूड (दोरा ज्यावर गुंडाळतो तो मधला भाग) पूर्ण झाकेल इतके, साधारण १०-१५ वेढे घ्या.
३. डबल युनी गाठीने (दोन दोरे जोडायची गाठ) मोनोला ब्रेड जोडा. गाठ ओली करून आवळा, टोकं अगदी जवळून कापा.
४. ओल्या फडक्यातून दाबून, ताणातच ब्रेड भरा. ही पायरी टाळली तर वरचे वेढे खालच्यांत रुततात. कडेपासून २-३ मिलिमीटर जागा सोडा.

मोनो नसेल तर बुडाला इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढाही चालतो.

तपासताना ब्रेड उघड्या हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळा.